डोंगरीची भिंत

१७ जुलै १८८२ रोजी मुंबईच्या हायकोर्टाने टिळक आणि आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची कैद सुनावली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चालला आहे आणि त्याला दिवाण बर्वे जबाबदार आहेत, अशा अर्थाचा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त छापल्याबद्दल तो अब्रुनुकसानीचा खटला झाला होता. आगरकरांना सव्वीस वर्षे पुरी होऊन तीन दिवस झाले होते, टिळकांना व्हायला सहा दिवस बाकी होते. रवानगी झाली डोंगरीच्या तुरुंगात. शिक्षेतले काही दिवस माफ होऊन २६ ऑक्टोबरला दोघे बाहेर आले. आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले आणि डोंगरी हे नाव मराठी वाचकांच्या मनात कायमचे बसले.

हा तुरुंग म्हणजे उमरखाडीचा तुरुंग, १८०४ सालचा. त्याचे पुढे काय झाले हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. तो पाडला नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून तिथे मोठ्या कैद्यांच्या जागी मुले राहू लागली. चिल्ड्रन्स होम, रिमांड होम, निरीक्षणगृह अशी नावे बदलत गेली. आसपासच्या वस्तीने त्याला सरळ ‘बच्चा जेल’ म्हटले.

माझ्या लहानपणी गिरणगावातल्या आमच्या चाळीत पोर ऐकेनासे झाले की कुठल्या ना कुठल्या खोलीतून आवाज यायचा, ‘थांब, डोंगरीला टाकते तुला!’ डोंगरी कुठे आहे हे आम्हां पोरांना ठाऊक नव्हते. तिथे उंच भिंत आहे आणि आत गेलेले पोर लवकर परत येत नाही, एवढेच ठाऊक होते. पुढे या विषयावरचे जुने कायदे वाचायला घेतले तेव्हा कळले, की चाळीतले ते ऐकीव ज्ञान अगदी बरोबर होते. लवकर परत येत नाही, हाच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. मुलाला शिक्षा नको, त्याची सुधारणा हवी, असे कळकळीची माणसे दीडशे वर्षे सांगत आली. त्या सुधारणेपायी पोराला कोंडून ठेवण्याची मुदत मात्र शिक्षेच्या मुदतीपेक्षा कितीतरी लांबत गेली.

इंग्रजी अमलात मुलांसाठी वेगळी सोय सुरुवातीला नव्हतीच. चोरी करणारा दहा वर्षांचा असो की चाळीसचा, कोठडी तीच. पोराला तिथे शिकवायला दरोडेखोर आणि खिसेकापू यांच्याइतके तयार गुरू दुसरीकडे कुठे मिळणार? १८६० च्या दंडसंहितेने वयाची रेघ आखली. सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही. सात ते बारा या वयात आपण काय करतो आहोत हे कळण्याइतकी समज मुलाला आलेली नसेल, तर गुन्हा नाही. बारा उलटली की पोर आणि बाप्या दंडसंहितेच्या लेखी सारखे. सात आणि बारा हे आकडे इतके चिवट निघाले, की २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहेत.

हाच सातचा आकडा तेव्हा आणखी एका कायद्यात सापडतो. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत ठेवायला मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये असे ठरवले. म्हणजे सातवे सरले की मूल साच्यावर उभे राहायला लायक आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायलाही लायक. ज्या मुंबईत ही मुले पकडली जात होती त्या मुंबईचे हे वय लक्षात ठेवले पाहिजे. घाटावरून, कोकणातून, काठेवाडातून माणसे येत होती. बाप गिरणीत किंवा बंदरावर, आई दुसऱ्याच्या घरी, पोर रस्त्यावर. बाजारात पडलेले उचलणे आणि ठेवलेले उचलणे यांतला फरक पोटात भूक असताना किती बारीक होतो, हे कोणाला सांगायला नको.

पहिला उपाय कायद्यात आला तो १८५० मध्ये. उमेदवारांच्या त्या कायद्यात दहा ते अठरा वर्षांच्या गरीब आणि अनाथ मुलांना एखाद्या कारागिराकडे करारावर बांधून देण्याची सोय होती. किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलालाही तुरुंगाऐवजी असे बांधून देता येई. सुताराकडे, लोहाराकडे, इतकेच काय जहाजाच्या मालकाकडेसुद्धा. त्याच वर्षी मुंबईत डॉ. जॉर्ज बुइस्ट यांनी उनाड मुलांसाठी उद्योगशाळा काढली. बुइस्ट स्कॉटलंडचे. ‘बॉम्बे टाइम्स’चे, म्हणजे पुढच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या एका पूर्वजाचे संपादक. रस्त्यावरच्या पोराला हातात हत्यार द्या, काम शिकवा, तो सुधारेल, अशी त्यांची धारणा होती. पण १८५७ चे बंड झाल्यावर याच बुइस्टांनी हिंदी लोकांविरुद्ध इतके विखारी लिहिले, की पत्राच्या हिंदी भागधारकांनी त्यांना संपादकपदावरून दूर केले. एकाच माणसाच्या मनात रस्त्यावरच्या पोराबद्दल माया आणि त्या पोराच्या बापाबद्दल तिरस्कार कसा राहत असेल? मला वाटते, पुढच्या अनेक सुधारगृहांचा पाया याच मनोवृत्तीवर घातला गेला. पोर वाचवायचे असेल तर त्याला त्याच्या माणसांपासून तोडले पाहिजे.

बुइस्टांच्या शाळेला भक्कम आधार दिला डेव्हिड ससून यांनी. बगदादहून मुंबईत येऊन कापूस आणि अफूच्या व्यापारात अपार पैसा कमावलेले हे ज्यू गृहस्थ. त्यांचे नाव पुण्याच्या ससून रुग्णालयाने घरोघरी पोचवले आहे, आणि पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या आवारात त्यांची समाधी आहे. १८५७ पासून मुंबईची ही शाळा ‘डेव्हिड ससून इंडस्ट्रियल अँड रिफॉर्मेटरी इन्स्टिट्यूशन’ या नावाने चालू लागली. माहीमच्या बाजूला ससूनची शाळा आजही आहे. हिंदुस्थानात मुलांसाठीचे सुधारगृह म्हणून सगळ्यात आधी हिचेच नाव घेतले जाते. पोलिसांनी पकडलेली मुले तुरुंगाऐवजी इथे येत आणि धंदा शिकत. अफूच्या पैशाचे पुढे कोणी काहीही म्हणो, मुलांसाठी वेगळे छप्पर उभे राहिले ते या पैशाने, आणि सरकारने तसा सर्वसाधारण कायदा करायच्या कितीतरी आधी.

सरकार ज्या इंग्लंडकडे पाहून चालत होते, तिथे याच सुमारास मोठा वाद पेटला होता. १८३८ च्या डिसेंबरात वाइट बेटावर पार्कहर्स्ट इथे खास मुलांचा तुरुंग सुरू झाला. पहिल्या तुकडीत १०२ मुले. तुरुंग वेगळा, म्हणजे प्रगतीच झाली असे सरकारला वाटले. पण सुरुवातीला त्या मुलांच्या पायांत लोखंडी बेड्या होत्या आणि बोलायची बंदी होती. सुधारली असे वाटणाऱ्या मुलांना जहाजात घालून पश्चिम ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा वसाहतींत पाठवत. १८४२ ते १८५२ या दहा वर्षांत अशी दीड हजाराच्या आसपास मुले समुद्रापार गेली. त्यांतल्या जॉन गॅव्हिन या पंधरा वर्षांच्या मुलाला मालकाच्या मुलाच्या खुनाबद्दल १८४४ मध्ये फ्रीमँटल इथे फाशी दिले. पश्चिम ऑस्ट्रेलियात कायद्याने फाशी गेलेला तो पहिला युरोपियन. सुधारून पाठवलेले पोर होते ते.

पार्कहर्स्टवर सगळ्यात धारदार हल्ला चढवला ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर या बाईने. तिचा आपल्याशी संबंध दुहेरी आहे. तिचे वडील राजा राममोहन राय यांचे स्नेही, आणि राममोहन १८३३ मध्ये वारले ते ब्रिस्टलमध्येच. मेरीने १८४६ मध्ये गावातल्या सगळ्यात गलिच्छ वस्तीत फाटक्या कपड्यांतल्या मुलांसाठी शाळा काढली. १८५१ मध्ये तिने सुधारशाळांवर पुस्तक लिहिले. तिचे म्हणणे साधे होते. मुलाला शिपायाच्या पहाऱ्यात आणि बेडीत ठेवून तुम्ही त्याला भीती शिकवता, भलेपणा शिकवत नाही. मुलाला घर लागते, आणि ज्याला घर नाही त्याच्यासाठी शाळेनेच घर झाले पाहिजे. ती बोलून थांबली नाही. १८५२ मध्ये किंग्जवूडला मुलांसाठी आणि १८५४ मध्ये ‘रेड लॉज’ या जुन्या वाड्यात मुलींसाठी सुधारशाळा काढून तिने ते करून दाखवले. रेड लॉजला पैसा दिला कवी बायरनच्या पत्नीने.

१८५४ मध्येच ब्रिटिश पार्लमेंटने बाल गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात मेरीबाईंना हव्या असलेल्या शाळा आल्या, पण सोबत एक अट आली. मुलाने आधी निदान चौदा दिवस तुरुंगात काढायचे, आणि मग सुधारशाळेत दोन ते पाच वर्षे. चौदा दिवसांच्या तुरुंगाला मेरीबाईंचा विरोध होता. पाच वर्षांना नव्हता. चांगल्या शाळेत पोर जितके जास्त राहील तितके चांगले, असेच त्यांना वाटत होते. त्यांच्या स्वतःच्या शाळेपुरते ते खरेही असेल. पण कायदा सगळ्या शाळांना लागू होतो, आणि प्रत्येक शाळेत मेरी कार्पेंटर नसते.

१८६६ मध्ये, साठीला टेकलेली ही बाई हिंदुस्थानात आली. त्यानंतरच्या दहा वर्षांत तिने एकूण चार फेऱ्या केल्या. मुंबई, अहमदाबाद, कलकत्ता, मद्रास अशी फिरली, मुलींच्या शाळा पाहिल्या, तुरुंग पाहिले, अधिकाऱ्यांच्या मागे लागली. १८६८ मध्ये हिंदुस्थानातल्या सहा महिन्यांवर तिचे पुस्तक निघाले. तिची शेवटची फेरी १८७५-७६ ची. १८७६ मध्ये हिंदुस्थान सरकारने रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्ट केला. पुढच्याच वर्षी मेरी कार्पेंटर वारली.

१८९७ मध्ये हा कायदा नव्याने लिहिला गेला. त्याचे कलम सहा मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. सुधारशाळेत काय असलेच पाहिजे याची यादी तिथे दिली आहे. रात्री मुलांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची पुरेशी सोय. स्वच्छता, पाणी, अन्न, कपडे आणि अंथरूण-पांघरूण. धंदेशिक्षण देण्याची साधने. आजारी पडल्यास ठेवायला दवाखाना किंवा योग्य जागा. यादी वाचली की वाटते, लिहिणाऱ्याने मुलाचा विचार केला आहे. पोराला पांघरूण लागते हे त्याला आठवले. मग लक्षात येते की या यादीत आई नाही. आईबापांनी भेटायला कधी यावे, त्यांनी कुठे बसावे, यातले त्या चार ओळींत काहीच नाही.

त्याच कायद्यात पुढे मुदतीचे कलम आहे. मॅजिस्ट्रेटने मुलाला कैदेची शिक्षा द्यायची आणि मग हुकूम करायचा, की ही शिक्षा भोगण्याऐवजी याला सुधारशाळेत पाठवा. किती काळ? कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात. अठरा वर्षे पुरी झाली की सोडायचे. म्हणजे ज्या चोरीबद्दल मोठा माणूस काही आठवडे आत जाऊन घरी परततो, त्याच चोरीबद्दल बारा वर्षांचे पोर पंधरा किंवा अठरा वर्षांचे होऊन बाहेर पडायचे. शिक्षा कमी केली असे सरकारच्या दप्तरात लिहिलेले असायचे. पोराच्या आईला विचारले असते तर तिने काय सांगितले असते?

मुंबई इलाख्यात येरवड्याला अशी सुधारशाळा होती, मद्रासकडे चेंगलपट्टूला, संयुक्त प्रांतात चुनारला, बिहारात हजारीबागला. कारखाना, शेत, कवायत, घंटा. वय वर्षे चौदा झाल्यावर वागणूक बरी असेल तर मुलाला परवाना देऊन एखाद्या भरवशाच्या माणसाकडे कामाला ठेवता येई. पळून गेला तर वॉरंटाशिवाय पकडता येई. हा सगळा कायदा फक्त मुलग्यांसाठी होता. मुलींचा त्यात विचारच नव्हता. ज्या वर्षी तो लिहिला जात होता त्याच सुमारास दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना पंडिता रमाबाई केडगावला आणत होत्या, स्वतःच्या हिमतीवर.

सुधारशाळा थोड्या होत्या आणि त्यांना खर्च लागे. छडी मात्र प्रत्येक कचेरीत होती. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने बाल गुन्हेगाराला कैदेऐवजी हलक्या वेताने फटके मारायची मुभा दिली, आणि ते शाळेतल्या शिस्तीप्रमाणे मारावेत असे शब्द घातले. शाळेत मास्तर मारतो तसे, म्हणजे त्यात काही विशेष नाही, असा अर्थ. सर्वसाधारण फौजदारी कायद्यात फटक्यांचे बारीकसारीक नियम होते. स्त्रियांना फटके मारायचे नाहीत. फटके हप्त्याहप्त्याने मारायचे नाहीत. आधी डॉक्टरने तब्येत पाहून हा माणूस सोसू शकेल असा दाखला द्यायचा. हे नियम वाचताना डोळ्यांसमोर जे चित्र येते ते असे: एक टेबल, दाखल्यावर सही करणारा डॉक्टर, बाहेर वेत भिजवून ठेवलेला शिपाई, आणि आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेले पोर. हे चित्र माझे आहे, पण दाखला खरा आहे आणि वेतही खरा आहे. १९२१ मध्ये असहकाराच्या चळवळीत बनारसला पकडल्या गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने नाव विचारल्यावर ‘आझाद’ असे सांगितले आणि त्याला पंधरा फटके बसले. चंद्रशेखर आझादांची ती गोष्ट आपण शाळेत शिकलो. ते फटके याच परंपरेतले. फटक्यांची शिक्षा या देशातून कायद्याने गेली ती १९५५ मध्ये, स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी.

मुलाने काही केलेच पाहिजे ही अटसुद्धा नसलेली आणखी एक पद्धत होती. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीने या जमातींच्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवायचा अधिकार सरकारला दिला. चार वर्षे! दंडसंहिता ज्या वयात मुलाला गुन्हा करताच येत नाही असे म्हणते, त्याहून तीन वर्षे आधी. १९११ नंतर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा विळखा मुंबई इलाख्यावर पक्का झाला, आणि सोलापूरची सेटलमेंट, तिचे तारेचे कुंपण आणि रोजची हजेरी यांची आठवण अजूनही तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकायला मिळते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर या जमाती विमुक्त झाल्या. मुलांच्या सुधारगृहांचा इतिहास लिहिताना सेटलमेंट वगळणारे बरेच आहेत. मला ते मान्य नाही. तिथेही भाषा सुधारणेचीच होती, आणि तिथे आईबापांपासून तोडणे लपवलेलेसुद्धा नव्हते.

इकडे इंग्लंडात पार्कहर्स्टच्या जागी नवा प्रयोग आला. १८९५ च्या एका सरकारी समितीने तरुण कैद्यांसाठी वेगळी व्यवस्था मागितली. तुरुंगखात्याचे प्रमुख एव्हलिन रगल्स-ब्राइस यांनी अमेरिकेत एल्मायरा इथली सुधारशाळा पाहिली आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला केंट परगण्यातल्या एका खेड्यात सोळा ते एकवीस वर्षांच्या मुलांसाठी नवी संस्था चालवली. त्या खेड्याचे नाव बोर्स्टल. खेड्याचे नाव संस्थेला आणि मग सगळ्या पद्धतीलाच मिळाले. १९०८ च्या कायद्याने बोर्स्टलची मुदत एक ते तीन वर्षे केली. १९३० मध्ये फेल्टमहून निघालेली मुलांची एक तुकडी पायी चालत थेट नॉटिंगहॅमशायरपर्यंत गेली आणि भिंत नसलेले पहिले बोर्स्टल त्या मुलांनी आपल्या हातांनी बांधले. मुलांवर विश्वास टाकला की काय होते, याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. पळून जाण्याची संधी वाटेत रोज होती.

आपल्याकडे बोर्स्टल आले ते कार्ड्यू समितीच्या मागून. १९१९-२० मध्ये हिंदुस्थानातल्या तुरुंगांची पाहणी करून या समितीने मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात ठेवू नका, त्यांच्यासाठी वेगळी न्यायालये काढा, असे सांगितले. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये, मुंबईने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. मुंबईचा बोर्स्टल कायदा १९२९ चा. इलाख्याचे बोर्स्टल धारवाडला होते, आणि भाषावार प्रांतरचनेत धारवाड म्हैसूर राज्यात गेले. आज नाशिकच्या किशोर सुधारालयाच्या रूपाने तो धागा महाराष्ट्रात आहे. इंग्लंडने बोर्स्टल १९८२ मध्ये मोडीत काढले. केंटमधल्या त्या खेड्याचे नाव आपल्या तुरुंगखात्याच्या कागदांवर अजून आहे.

१९२४ चा मुंबईचा कायदा प्रत्यक्षात आला १९२७ मध्ये. त्या वर्षी मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुलांचे न्यायालय सुरू झाले. मुलांचे पहिले न्यायालय जगात निघाले ते शिकागोला १८९९ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी ते मुंबईला पोचले. मोठ्यांसाठी १९२६ मध्ये आर्थर रोडचा तुरुंग बांधला गेला होता. आणि मुलांना ठेवायला जागा मिळाली उमरखाडीची.

इतकी वर्षे लोटल्यावरही मला हा निर्णय बोचतो. कायदा चांगला होता. मुलाचा खटला मोठ्यांबरोबर चालवायचा नाही, आईबापांना बोलवायचे, घरची चौकशी करायची, हे सगळे त्यात होते. त्यात राबणारी माणसेही चांगली होती. १९३६ मध्ये नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था निघाली आणि १९३७ मध्ये तिने मुलांच्या मनाचे प्रश्न सोडवणारे केंद्र उघडले. पोर चोरी का करते हे मारण्याआधी समजून घ्यावे, हा विचार या शहरात रुजवण्यात या लोकांचा मोठा हात आहे. पण मूल ठेवायचे कुठे, या प्रश्नाला सरकारने शंभराहून अधिक वर्षे कैदी ठेवलेली दगडी जागा हेच उत्तर दिले. शिवाय त्या एकाच छताखाली खिसा कापताना सापडलेले पोर, स्टेशनावर हरवलेले पोर आणि आईबाप मेलेले पोर, तिघांना आणले. तिसऱ्याचा अपराध काय? त्याला घर नव्हते. कायद्याने तिघांत फरक केला होता, भिंतीने केला नाही. चाळीतल्या आयांना हे नीट कळले होते, म्हणूनच त्यांच्या तोंडी डोंगरी हा शब्द धमकी म्हणून आला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईचा कायदा नव्याने झाला, १९६० मध्ये केंद्रशासित प्रदेशांसाठी वेगळा आला. तरीही देशातल्या किती तुरुंगांत मुले होती! हे उघडकीस आणण्यात मुंबईच्या एका पत्रकार बाईंचा वाटा फार मोठा आहे. शीला बारसे. १९८३ मध्ये मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांवरच्या अत्याचाराचा प्रश्न त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला होता. नंतर त्यांनी तुरुंगात ठेवलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न नेला. मुलांना तुरुंगात ठेवू नका, जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, असे आदेश १९८६ मध्ये न्यायालयाने दिले. त्याच वर्षी सगळ्या देशासाठी एकच बाल न्याय कायदा झाला. पण प्रकरण इतके रेंगाळत गेले, की वैतागून बारसेबाईंनी १९८८ मध्ये आपला अर्ज मागे घेण्याची परवानगी मागितली. न्यायालय म्हणाले, हा खटला आता एकट्या अर्जदाराचा नाही, तो मागे घेता येणार नाही. त्यांचे नाव अर्जदार म्हणून काढले आणि खटला चालू ठेवला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण हजारो मुलांसाठी धावलेली बाई दमून बाजूला होते, आणि ज्यांनी धावायचे ते आपल्या गतीने चालत राहतात, हे वाचताना वाईट वाटतेच.

१९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत मूल होती. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा वर्षे दिली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या भीषण प्रकरणात एक आरोपी अठराच्या आतला निघाला, देश हादरला, आणि २०१५ च्या कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याचा रस्ता उघडला. तो संताप मला समजतो. पण त्या एका प्रकरणामुळे बाकीची मुले नजरेआड होऊ नयेत. या वाटेने जाणारी मुले सोडली, तर बाकीच्या मुलांसाठी २०१५ चा कायदा म्हणतो, विशेष गृहात ठेवायचे तर जास्तीत जास्त तीन वर्षे. १८९७ मध्ये तीन वर्षे ही किमान मुदत होती. तीनचा आकडा तळाकडून माथ्यावर यायला ११८ वर्षे लागली. मुलाच्या गुन्ह्याचा शिक्का पुढे त्याच्या नोकरीच्या आड येऊ नये आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते कागद नष्ट करावेत, हेही आता कायद्यात आहे.

मुंबई शहराचे बाल न्याय मंडळ अजून डोंगरीलाच, त्या जुन्या तुरुंगाच्या आवारात भरते. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी असतो आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक स्त्री असलीच पाहिजे. असे मंडळ प्रत्येक जिल्ह्यात असते. मुलांच्या शिक्षणात, आरोग्यात किंवा संगोपनात निदान सात वर्षे काम केलेली व्यक्ती समाजकार्यकर्त्याच्या जागेवर बसू शकते. बाल मानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायदा यांची पदवी घेऊन व्यवसाय करणाराही बसू शकतो. वाचकांमध्ये अशी माणसे नक्की आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, बालवाडी चालवणाऱ्या आहेत, वकील आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या मंडळावर या जागांची जाहिरात निघाली, की अर्ज करा.